बाभळीला अकेशिया लिहायचं की व्हॅचेलिया? शास्त्रीय नाव ठरवण्याची रीत

बाभूळ, खैर, हिवर, देवबाभूळ, शिकेकाई आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. वीसेक वर्षांपूर्वीचं कुठलंही पुस्तक उघडा, ही सगळी मंडळी अकेशिया या एकाच वंशात सापडतील. आज त्यांतली फक्त शेवटची अकेशिया उरली आहे. बाकीच्यांची वाटणी व्हॅचेलिया आणि सेनेगॅलिया अशा दोन वंशांत झाली. बागेत पाट्या लावणाऱ्यांना, प्रकल्पवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि रोपवाटिकेची यादी करणाऱ्यांना इथे हमखास अडायला होतं. पुस्तक एक सांगतं, मोबाइल दुसरंच सांगतो आणि शेजारच्या बागेतल्या पाटीवर तिसरंच काहीतरी असतं.

'शास्त्रज्ञ उगाच नावं बदलत बसतात' ही तक्रार मी खूप ऐकली आहे. या वंशापुरतं तरी तिच्यात तथ्य नाही. कुठलं झाड कुठे गेलं आणि का, हे ठराविक खुणांनी आणि ठराविक नियमांनी ठरलं आहे. खुणा तुम्हाला झाडावर बघता येतात आणि नियम समजायला अवघड नाहीत. सोबत दहापटीचं भिंग, टाचणी आणि वही ठेवा. (मराठी विश्वकोशाच्या पद्धतीने इथे जीनसला वंश, स्पीशीजला जाती आणि फॅमिलीला कुल म्हटलं आहे. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द कधी वंशासाठी येतो, कधी जातीसाठी. नोंदी करताना तो टाळलेलाच बरा.)

आधी एक फूल सुटं करा

नावात 'बाभूळ' आहे म्हणून झाड त्या गोतातलं असेलच असं नाही. सुबाभूळ वेगळ्या वंशातली आहे, वेडी बाभूळ आणखी वेगळ्या. त्यामुळे पहिली परीक्षा फुलाची.

बाभळीचा पिवळा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. ती कित्येक चिमुकल्या फुलांची गर्दी असते. टाचणीने त्यातलं एक फूल अलगद वेगळं काढा आणि भिंगाखाली पुंकेसर पाहा. मोजता मोजता कंटाळा यावा इतके पुंकेसर असतील आणि प्रत्येकाचा तंतू बुडापर्यंत सुटा असेल, तर झाड जुन्या, व्यापक अर्थाच्या अकेशियातलं आहे. जॉर्ज बेंथम यांनी एकोणिसाव्या शतकात या गटाची आखणी केली ती मुख्यतः याच खुणेवर. पुंकेसर पुष्कळ आहेत, पण बुडाशी जुळून त्यांची नळी झाली आहे, असं दिसलं तर तुमच्या हातात शिरीष किंवा त्याचा भाऊबंद आहे. मोजून दहाच भरले तर सुबाभूळ, वेडी बाभूळ किंवा शमी. तसं असेल तर पुढचे काट्यांचे नियम त्या झाडाला लागू नाहीत. वेडी बाभूळ आणि शमी यांच्याकडे मात्र शेवटी वळू, कारण त्यांच्या वंशाचीही अशीच वाटणी झाली आहे.

फुलांचा हंगाम नसेल तर थांबा. बाभूळ आणि खैर पावसाळ्यात फुलतात, देवबाभूळ थंडीत. फुलाशिवायही अंदाज बांधता येतो, पण तो वहीत अंदाज म्हणूनच लिहावा.

काटा कुठून उगवला आहे?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. काटा आहे की नाही, एवढं पाहून भागत नाही. तो झाडाच्या कोणत्या अवयवापासून झाला आहे ते पाहायचं.

बाभळीची कोवळी फांदी हातात घ्या. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो, तिथे त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक सरळ, पांढुरका काटा दिसेल. या जागेवर एरवी उपपर्णं असतात, म्हणजे देठाच्या बुडाची ती दोन इवलीशी पानं. बाभळीत त्यांचेच काटे झाले आहेत. म्हणून ते नेहमी जोडीने आणि देठाच्या दोन्ही बाजूंनाच असतात. हीच व्हॅचेलियाची खूण. हिवरात आणि देवबाभळीतही हेच दिसेल.

आता खैर पाहा. खैरालाही पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते आणि नवखे लोक इथेच फसतात. पण हे काटे आखूड, तपकिरी, आकड्यासारखे वाकलेले असतात आणि देठाच्या बाजूंना नसून पेराच्या किंचित खाली असतात. हा सालीचा उगवा आहे. उपपर्णांशी त्याचा संबंध नाही. अगदी कोवळ्या शेंड्यावर नशीब असेल तर खैराची खरी उपपर्णंही दिसतात: लहान, मऊ, लवकर गळणारी आणि काट्यांहून वेगळी. ही दोन्ही एकाच शेंड्यावर पाहिलीत की फरक पुन्हा विसरणार नाही. सेनेगॅलियाची खूण ती हीच.

शिकेकाईत तर जोडीचा प्रश्नच नाही. या वेलीच्या खोडावर, पानांच्या दांड्यांवर सगळीकडे बारीक वाकडे काटे विखुरलेले असतात. तीही सेनेगॅलियाच.

ऑस्ट्रेलियन बाभळीला काटेच नाहीत, आणि ज्याला आपण तिचं पान म्हणतो ते पान नाही. तो चपटा, रुंद झालेला देठ आहे, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या शिरांचा. पटत नसेल तर तिचं बी रुजवून पाहा. रोपाला सुरुवातीला बाभळीसारखी पिसासारखी संयुक्त पानं येतात. मग देठ चपटे होत जातात आणि पर्णिका नाहीशा होतात. ही आजच्या अर्थाने खरी अकेशिया. कोकणात आणि घाटमाथ्यावर सामाजिक वनीकरणात लावलेली मँगियमही याच वंशातली.

जुन्या, उंच बाभळीच्या वरच्या फांद्यांवर काटे फार थोडे असतात. तिथली फांदी तोडून 'काटे नाहीत' असं लिहू नका. बुंध्याशी फुटलेला कोंब किंवा जवळचं रोपटं शोधा.

फुलोऱ्याने खात्री करा, निर्णय नको

'गोल गोंडा म्हणजे व्हॅचेलिया आणि लांब तुरा म्हणजे सेनेगॅलिया' असं सोपं सूत्र बऱ्याच जणांच्या तोंडी असतं. बाभळीला गोंडा, खैराला तुरा, इथवर ते बरोबर चालतं. शिकेकाईपाशी कोसळतं, कारण तिचे गोंडे गोल असूनही ती सेनेगॅलिया आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीला पिवळे तुरे असतात, तरी ती दोन्हींपैकी एकातही बसत नाही.

त्यापेक्षा गोंड्याची दांडी पाहा. बाभळीच्या दांडीवर मध्यावर किंवा त्याखाली इवल्या खवल्यांचं एक कडं असतं. नखाने चाचपलं तरी लागतं. देवबाभळीत हेच कडं दांडीच्या टोकाला, फुलांच्या खाली दडलेलं असतं, म्हणून आधी फुलं बाजूला करावी लागतात. शिकेकाईच्या दांडीवर असं कडं नाही.

जाती ओळखायला शेंग कामाची. बाभळीची शेंग करड्या लवेची, प्रत्येक बीनंतर आवळलेली, माळेसारखी. देवबाभळीची फुगीर, गोलसर, काळपट तपकिरी आणि गुळगुळीत. हिवर तर लांबूनच कळतो: फिकट साल आणि फांद्यांच्या टोकांना फिक्या गोंड्यांचे मोठे झुपके.

वाटणी झाली कशी

झाड कुठल्या गटातलं ते कळलं. पण अकेशिया हे नाव नेमकं ऑस्ट्रेलियाकडे का गेलं? हे समजल्याशिवाय पाटी लिहिताना हात अडखळतो, म्हणून थोडा इतिहास.

लिनियसने 1753 मध्ये बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं. दुसऱ्याच वर्षी, 1754 मध्ये, इंग्लंडच्या फिलिप मिलरने अकेशिया हा वंश मांडला. नाव जुनंच होतं. ग्रीक वैद्य इजिप्तच्या काटेरी झाडाला, म्हणजे बाभळीलाच, ते वापरत. पुढे जगभरच्या सुट्या पुंकेसरांच्या झाडांना या वंशात जागा मिळत गेली आणि जातींची संख्या हजाराच्या पुष्कळ वर गेली. त्यांतल्या बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या.

हा डोलारा एकसंध नाही अशी शंका जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली पेडली यांनी 1986 मध्येच त्याचे तीन वंश करावेत असं सुचवलं होतं. नंतर डीएनएच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. ऑस्ट्रेलियन बाभूळ आपल्या बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोताला जास्त जवळची निघाली. वंश मोडणं भाग होतं. प्रश्न उरला तो एवढाच की जुनं नाव कुणाकडे राहणार.

वनस्पतींच्या नामकरणात प्रत्येक नाव एका आदर्श नमुन्याला बांधलेलं असतं. नाव म्हणजे दावं आणि नमुना म्हणजे खुंटा. वंशाची वाटणी झाली की खुंटा ज्या वाट्यात असेल, त्या वाट्याला नाव मिळतं. अकेशियाचा खुंटा होती बाभूळ. नियम सरळ चालवला असता तर अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाकडे राहिलं असतं आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींना रॅकोस्पर्मा हे नाव घ्यावं लागलं असतं.

2003 मध्ये अँथनी ऑर्चर्ड आणि ब्रूस मॅस्लिन यांनी प्रस्ताव मांडला की खुंटाच हलवावा: अकेशियाचा आदर्श म्हणून पेनिनर्विस ही ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी. बाभळीच्या गटात सुमारे 160 जाती, खैराच्या गटात दोनशेच्या आसपास आणि ऑस्ट्रेलियन गटात हजाराहून अधिक. कमीत कमी नावं बदलावीत, हा त्यांचा मुद्दा. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यावर मतदान झालं. 54.9 टक्के मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली आणि तरीही प्रस्ताव टिकला, कारण नामकरण समितीने त्याची शिफारस केली होती आणि ती उलटवायला 60 टक्के लागत होते. आफ्रिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा संताप समजण्यासारखा होता. सवानातल्या छत्रीसारख्या झाडांची ओळखच अकेशिया या नावाशी जोडलेली आहे. 2011 मध्ये मेलबर्नला वाद पुन्हा उफाळला, पण निर्णय कायम राहिला. माझं मत विचाराल तर निकाल व्यवहाराला धरून होता. ज्या पद्धतीने तो लागला ती मात्र कुणालाही खटकेल.

बाभळीच्या गटाला त्याचं उपलब्ध जुनं नाव मिळालं, ते व्हॅचेलिया. या नावाचा आपल्याकडे थेट धागा आहे. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन असलेले रॉबर्ट वाइट आणि स्कॉटलंडचे जॉर्ज वॉकर-आर्नॉट यांनी 1834 मध्ये दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं चीनमध्ये वनस्पती गोळा करणारे पाद्री व्हॅचेल यांच्यावरून. या वंशाचा आदर्श नमुना होती देवबाभूळ. सेनेगॅलिया हे नाव राफिनेस्कने 1838 मध्ये दिलं. त्याचा आदर्श म्हणजे आफ्रिकेतल्या अरबी डिंकाचं झाड.

जातीचं नाव: आधी आलेल्याचा मान

वंश बदलला तरी जातीचं विशेषण सहसा तेच राहतं. अकेशिया निलोटिका झाली व्हॅचेलिया निलोटिका, अकेशिया कॅटेचू झाला सेनेगॅलिया कॅटेचू, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया, देवबाभूळ व्हॅचेलिया फार्नेसियाना. तिन्ही वंशनावं लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे शेवटची अक्षरंही बदलावी लागत नाहीत.

अपवाद शिकेकाईचा, आणि तो नियम शिकवणारा आहे. अकेशिया कॉन्सिना हे तिचं सर्वपरिचित नाव. त्यातलं 'कॉन्सिना' विल्डेनोवने 1806 मध्ये दिलेलं. पण लामार्कने त्याच झाडाला 1783 मध्येच मिमोसा रुगाटा म्हटलं होतं. दोन्ही एकच जाती मानली की जुनं विशेषण जिंकतं, म्हणून आजचं नाव सेनेगॅलिया रुगाटा. नुसता वंश बदलून 'सेनेगॅलिया कॉन्सिना' लिहून मोकळं होऊ नका.

जुन्या मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत बाभळीला अकेशिया अरेबिका म्हटलेलं आढळेल. तेही याच कारणाने मागे पडलं: अरेबिका 1783 चं, निलोटिका 1753 चं. म्हणजे बाभळीच्या तीन नावांतला एक बदल अकेशियाच्या वादाच्या कितीतरी आधीचा आहे.

बाभळीच्या उपजातीही असतात. आपल्याकडची सर्वसाधारण बाभूळ ती इंडिका. शेताच्या बांधावर सुरूसारखी उभट वाढणारी रामकाठी ती क्युप्रेसिफॉर्मिस. शेतकऱ्यांनी या दोघींना केव्हाच वेगळी नावं दिली आहेत, म्हणून पाटीवर उपजात लिहिणं मला आवश्यक वाटतं.

नावामागची शेपटी वाचायला शिका

व्हॅचेलिया निलोटिका या नावापुढे '(एल.) पी. जे. एच. हर्टर आणि मॅब.' अशी अक्षरं दिसतील. कंसातला 'एल.' म्हणजे लिनियस, विशेषण मुळात देणारा. कंसाबाहेरचे हर्टर आणि मॅबर्ली, ज्यांनी 2008 मध्ये ती जाती या वंशात हलवली. खैराच्या कंसात 'एल. एफ.' आहे. हा लिनियसचा मुलगा. कंस दिसला की समजायचं, या झाडाने कधीतरी घर बदललं आहे. ऑस्ट्रेलियन बाभूळ, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, हिच्या नावात कंस नाही, कारण ती जन्मली त्याच वंशात आजही आहे. बागेच्या पाटीवर ही शेपटी नसली तरी चालते. शोधनिबंधात ती हवीच.

पडताळणी कुठे करायची

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हे संकेतस्थळ उघडा आणि तुमच्याकडचं जुनं नाव टाका. पान तुम्हाला स्वीकृत नावाकडे नेईल. मग नाव केव्हा, कुणी, कुठे प्रसिद्ध केलं ते 'आयपीएनआय'मध्ये, म्हणजे 'इंटरनॅशनल प्लँट नेम्स इंडेक्स' या सूचीत पाहा. दोन्हींचं काम वेगळं आहे: पहिलं सांगतं की आज कोणतं नाव मानायचं, दुसरं फक्त नावांची जन्मनोंद ठेवतं. आयपीएनआयमध्ये नाव सापडलं म्हणजे ते स्वीकृत आहे, असा अर्थ होत नाही.

दोन याद्यांत फरक दिसला तर गोंधळू नका. नामकरणाला नियम आहेत, पण दोन जाती एक मानायच्या की वेगळ्या, हे अभ्यासकाच्या मतावर असतं. दख्खनच्या कोरड्या भागातला खैर काही जण चुंद्रा ही स्वतंत्र जाती मानतात, काही जण कॅटेचूचाच प्रकार. अशा वेळी कुठली यादी प्रमाण धरली आणि कोणत्या तारखेला पाहिली, ते लिहून ठेवा. तारीख महत्त्वाची, कारण नावं अजूनही बदलतात. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेने दक्षिण आफ्रिकेत अपमानास्पद शिवी ठरलेल्या शब्दावरून आलेली विशेषणं बदलायचं ठरवलं, आणि आपल्या खैराचा तिकडचा भाऊबंद सेनेगॅलिया काफ्रा आता सेनेगॅलिया आफ्रा झाला.

नमुना प्रत्यक्ष जुळवून पाहायचा असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा वनस्पतिसंग्रह आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह. आधी विचारून जा, आणि फुलं व शेंगा असलेली, नीट दाबून वाळवलेली फांदी सोबत न्या.

शमी आणि वेडी बाभूळ

दहा पुंकेसरांची ही दोन झाडं परवापर्यंत प्रोसोपिस या एकाच वंशात होती. 2022 मध्ये त्या वंशाचीही वाटणी झाली, पण इथे खुंटा कुणी हलवला नाही. प्रोसोपिसचा आदर्श नमुना भारतातली शमीच होती, म्हणून नाव तिच्याकडे राहिलं: प्रोसोपिस सिनेरारिया. अमेरिकेतून आलेल्या वेडी बाभळीला नेल्टुमा ज्युलिफ्लोरा व्हावं लागलं. काट्यांनी ओळखायच्या तर शमीचे काटे दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात, वेडी बाभळीचे पानाच्या बगलेत, सरळ आणि बहुधा जोडीने.

लिहिताना

रोमन लिपीत वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि दोन्ही तिरप्या ठशात. हाताने लिहिताना दोन्हींखाली रेघ. देवनागरीत या सोयी नाहीत, म्हणून पाटीवर मराठी नाव मोठं आणि त्याखाली शास्त्रीय नाव रोमनमध्ये द्यावं. त्याच्याही खाली 'पूर्वीचं नाव' म्हणून अकेशियाचं नाव निदान काही वर्षं तरी ठेवा. वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक बहुधा जुनं असतं. कुल मात्र फॅबेसी लिहा. मायमोसेसी हे वेगळं कुल आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.

शाम्पूच्या बाटलीवर 'अकेशिया कॉन्सिना' वाचून ती चूक समजू नका. सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची नावं वेगळ्या यादीने ठरतात आणि तिथे जुनंच नाव चालू आहे. औषधांच्या जुन्या यादीतून उतारा देत असाल तर मूळ नाव जसंच्या तसं ठेवून आजचं नाव कंसात द्या.

महाविद्यालयाच्या संग्रहातले जुने कागद दुरुस्त करताना जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करू नये, ती काढूनही टाकू नये. नवीन चिठ्ठीवर नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहून ती शेजारी चिकटवायची. चिकटवण्याआधी कागदावरच्या फांदीचे काटे एकदा भिंगाखाली पाहून घ्या, कारण नुसतं नावावरून नाव बदललं तर मुळातली चुकीची ओळखही नव्या चिठ्ठीवर तशीच उतरते.